चौथ्या गाण्याच्या शेवटी

भाऊंनी मला पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं तेव्हा मला वाटलं, माणूस मायाळू आहे. मुलगी परगावची, मेसचं खाऊन कंटाळली असेल, म्हणून बोलावतोय. जेवण झालंही झकास. वहिनींच्या हातची बोंबलाची चटणी आणि ज्वारीची भाकरी मी अजून विसरलेले नाही. पण हात धुऊन बाहेर येते तर भाऊंनी मला एका खुर्चीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि सांगितलं, आवाज आला की हात वर करायचा, थांबला की खाली घ्यायचा. वीस मिनिटं मी पहिलीतल्या पोरासारखी हात वर-खाली करत होते. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून जाहीर केलं की हिचे कान ओके आहेत. जेवण हे निमित्त होतं. भाऊंना माझे कान हवे होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीत त्यांनी माझं आयकार्ड मागून घेतलं आणि त्याच्या पाठीमागे एक गोल स्टिकर लावला. मोजमापाच्या प्रत्येक हत्यारावर आमच्याकडे तसा स्टिकर असतो. हे हत्यार कधी तपासलं आणि पुन्हा कधी तपासायचं, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. माझ्या स्टिकरवर कालची तारीख होती आणि पुढची तपासणी बरोबर एका वर्षाने. मी इंजिनिअर म्हणून लागले होते, हत्यार म्हणून नाही, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

गाड्यांचे सुटे भाग करणारी ती चाकणची कंपनी. मी क्वालिटीत नवी, आणि भाऊ तिथले सगळ्यात जुने तपासनीस. खरं नाव हजेरीपटावर असेल, पण गेटवरच्या वॉचमनपासून प्लँटच्या मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणत. शर्टाच्या खिशात कायम तीन रंगांचे टॅग. हिरवा म्हणजे माल पास, पिवळा म्हणजे दुरुस्ती करून आणा, लाल म्हणजे रिजेक्ट. शिफ्ट संपली की टॅग टेबलावर ठेवून घरी जावं, असं त्यांना कधी सुचलं नाही. एकदा कँटीनमध्ये त्यांनी व्हर्नियर काढून चपातीची जाडी चार ठिकाणी मोजली आणि चपात्यांच्या डब्याला लाल टॅग लटकवला. कँटीनवाला पंधरा दिवस त्यांच्याशी बोलला नाही, पण चपात्या मात्र एकसारख्या यायला लागल्या. आमच्यातल्या एकाच्या लग्नात डीजेच्या डाव्या स्पीकरला पिवळा टॅग लागला होता. नवरदेवाने तो फोटोत पाहिला तेव्हा त्याला कळलं की भाऊ येऊन गेले.

त्यांच्यासमोर 'वाटतं' हा शब्द काढायची सोय नव्हती. सर, हे भोक जरा मोठं वाटतंय, असं मी पहिल्या आठवड्यात बोलून गेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"इंजिनिअर, वाटण्याचा गेज अजून बाजारात आलेला नाही. आकडा सांग."

ते मला शेवटपर्यंत इंजिनिअरच म्हणत, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला मोजता आलं नाही.

घर संत तुकाराम नगरमध्ये, जुन्या कॉलनीतलं, दोन खोल्यांचं. त्यातली बाहेरची खोली म्हणजे चाकणच्या प्लँटचं एक्स्टेंशन. भोसरीच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या दोन बिडाच्या जाडजूड ठोकळ्यांवर दोन स्पीकर, कारण लाकडी स्टुलावर ठेवले तर हलतात. समोर एकच खुर्ची. तिच्या चार पायांभोवती फरशीवर पिवळी पट्टी चिकटवलेली, कारखान्यात मशीनभोवती असते तशी. वहिनी फरशी पुसायला खुर्ची उचलत आणि परत ठेवताना मुद्दाम दोन बोटं बाहेर ठेवत. भाऊ संध्याकाळी येऊन ती पट्टीत आणत. अख्खा संसार या दोन बोटांवर चालला होता.

या खुर्चीत बसून भाऊ गाणी ऐकत. मोबाईलवर फुकट मिळणारी नव्हेत, विकत घेतलेली. इंटरनेटवरच्या दुकानातून फाईल विकत घ्यायची, तीही कमी न केलेली, पूर्ण. मी एकदा म्हटलं, भाऊ, मोबाईलवर सगळी गाणी आहेत की. त्यावर त्यांनी मला समजावलं ते मला कॉलेजातही कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. मोबाईलवरच्या फाईलमधून माल काढलेला असतो. तुला कळणार नाही असं धरून काढलेला असतो. पूर्ण फाईलमधून काहीच काढत नाहीत, तिची फक्त घडी घालतात, आणि उलगडली की होती तशी. मग त्यांनी ते करून दाखवलं. मोठी फाईल घेतली, तिची घडी घालून लहान केली, पुन्हा उलगडून मोठी केली, आणि पहिली आणि शेवटची अशा दोन फाईली कॉम्प्युटरला ताडून पाहायला लावल्या. पडद्यावर उत्तर आलं, फरक शून्य. भाऊंनी त्या शून्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी लसूण सोलत होत्या.

तेव्हा मला हे वेड कुठून आलं ते कळलं. आमच्या धंद्यात शून्य फरक नसतोच. प्रत्येक मापाला प्लस-मायनस असतो, अमुक इतकं कमी चालेल, तमुक इतकं जास्त चालेल. एकतीस वर्षं हा माणूस 'चालेल' म्हणत आला होता. घरी त्याला एक अशी वस्तू सापडली होती जिच्यात 'चालेल' नव्हतं. विकत घेतलेली प्रत्येक फाईल ते अशी ताडून पाहत, मग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत, आणि मगच तिचा हिरवा टॅग कपाटाच्या दारावर लागे. दार टॅगांनी इतकं भरलं होतं की उघडलं की सळसळे.

आता माझ्या कानांचं काय ते सांगते. भाऊ तपासनीस व्हायच्या आधी बारा वर्षं एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा ठोकून भाग काढतात तिथे, होते. दिवसभर पत्र्यावर घण पडावेत तसा आवाज. कानात बोळे घालणारा त्या काळी बायकी ठरायचा, असं ते सांगत, आणि मग मी समोर आहे हे लक्षात येऊन सॉरी म्हणत. दरवर्षीच्या तपासणीत त्यांच्या कानांचा आलेख निघे. खालचे आवाज ठीक, आणि वरच्या बारीक आवाजांकडे गेलं की रेघ घसरगुंडीवरून सुटल्यासारखी खाली. तो कागद त्यांनी पिवळा टॅग लावून कपाटाच्या आतल्या बाजूला अडकवला होता. पिवळा का, लाल का नाही, असं मी विचारलं. लाल लावला तर माल भट्टीत जातो, म्हणाले.

म्हणजे फाईलमधलं जे बारीकसारीक ठेवायला ते एवढा आटापिटा करत होते, ते त्यांना स्वतःला ऐकूच येत नव्हतं. मी तेव्हा तोंडाची फटकळ होते, अजूनही आहे. मी सरळ विचारलं, मग उपयोग काय?

"तू डोळे मिटलेस म्हणून बोल्टची लांबी कमी होते का?"

 

या सगळ्याच्या मुळाशी एक कॅसेट होती, आणि ती मला वहिनींनी सांगितली. वहिनी कुरुळीच्या. लग्नाआधी पिंपरीला मामाकडे राहून विहारातल्या गायन पार्टीत गात. जयंतीच्या कार्यक्रमात ही पार्टी इतकी गाजली की पिंपरीतल्याच एका छोट्या कंपनीने त्यांची आठ गाण्यांची कॅसेट काढली. मुख्य गायिका दुसरीच होती. वहिनी मागच्या सहा मुलींत, डावीकडून तिसऱ्या. कॅसेटच्या कागदावर गायिकेचं नाव, गीतकाराचं, ढोलकीवाल्याचंसुद्धा नाव होतं. या सहाजणींसाठी 'आणि साथीदार' एवढंच.

त्याच सुमाराला भाऊंशी लग्न ठरलेलं. भाऊंनी पिंपरीच्या बाजारातून होणाऱ्या बायकोसाठी काचेच्या बांगड्या घेतल्या आणि माप नजरेने घेतलं. वहिनींचं माप दोन-चार, यांनी आणल्या दोन-दोन. साबण लावून कशाबशा चढवल्या, त्या उतरेनात. रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळ्या मुलींना बांगड्या काढायला सांगितलं. हिच्या निघेनात आणि फोडू द्यायला ही तयार नाही. शेवटी मनगटावर रुमाल घट्ट बांधून गायली. चौथ्या गाण्याच्या शेवटी, आवाज थांबल्यावर, तो रुमाल सुटला आणि बांगड्या वाजल्या. पुन्हा गायला वेळ नव्हता. तशीच कॅसेट निघाली.

"माझं नाव न्हाई त्याच्यावर, पर मी हाय त्यात," वहिनी म्हणाल्या. "चौथ्या गाण्याच्या शेवटाला."

लग्नानंतर भाऊंनी ते शेकडो वेळा ऐकलं होतं, कान धड होते तेव्हा. मग टेपरेकॉर्डरने कॅसेट चावली. कुठेच दुसरी मिळाली नाही. वहिनींनी आपल्या दोन्ही सुनांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या गालात हसल्या. आईंचं आपलं काहीतरी, असं म्हणाल्या. वहिनी मला हे हसतच सांगत होत्या, पण त्यांचा हात मनगटावर होता, आणि मला त्या दोघी सुनांचा राग आला.

आणि मग एका गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या वारी, भाऊंचा सकाळीच फोन. कान घेऊन ये. ती कॅसेट एका ठिकाणी विकायला आली होती. कॅसेट काढणाऱ्या त्या कंपनीच्या मालकांची मुलगी वडिलांच्या जुन्या टेपा एकेक करून इंटरनेटवर विकत होती, पूर्ण फाईल म्हणून. भाऊंची ती घेऊनही झाली होती. मी खुर्चीत बसले, पट्टीच्या आत. चौथं गाणं लागलं. आवाज स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखा. गाणं संपलं. त्यापुढे काही नाही. मी पुन्हा ऐकलं, हेडफोन लावून ऐकलं, डोळे मिटून ऐकलं. बांगड्या नव्हत्या.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या. कुकरची शिट्टी झाली तेवढीच.

भाऊंनी फाईलचा एक्स-रे काढला. म्हणजे तसं ते म्हणत. कॉम्प्युटरवर आवाजाचं चित्र दिसतं, जाड आवाज खाली, बारीक आवाज वर. या चित्रात वरचा भाग कोरा होता, कात्रीने कापल्यासारखा सरळ रेषेत कोरा. मोबाईलवरच्या कमी केलेल्या फाईलचं चित्र असंच दिसतं. भाऊंनी निदान केलं की बाईंनी कमी केलेलीच फाईल फुगवून पूर्ण म्हणून विकली आहे. लाल टॅग लागला. दुसरा कुणी असता तर दोन शिव्या घालून मोकळा झाला असता. भाऊंनी आमच्या कंपनीत खराब माल पाठवणाऱ्याला जातो तसा फॉर्म त्या बाईंना पाठवला. दोषाचं वर्णन: माल बनावट. खाली पाच रकाने, प्रत्येकात एकच प्रश्न, का? पहिल्याचं उत्तर आलं की त्यात पुन्हा का, असं पाच वेळा विचारलं की मूळ कारण सापडतं, अशी आमच्याकडची पद्धत.

बाईंनी पैसे परत पाठवले. भाऊंनी ते त्यांना उलट पाठवले आणि फॉर्म भरून मागितला. असं दोन महिने चाललं. मी म्हटलं, भाऊ, सोडा आता. ते म्हणाले, मूळ कारण आल्याशिवाय फॉर्म बंद होत नसतो. शेवटी फॉर्म आला. चार रकाने रिकामे, आणि पाचव्यात लिहिलं होतं, एकदा घरी या आणि डोळ्यांनी बघा.

बाई रावेतला राहत होत्या, अकराव्या मजल्यावर. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, मी माझे कान घेऊन, असे आम्ही गेलो. बाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असतील, नोकरी करणाऱ्या, आणि चांगल्याच तापलेल्या. पाणीबिणी न विचारता त्यांनी एक लाकडी पेटी उघडली. आत वडिलांच्या टेपा, एकेकीवर बुरशी. मग कॉम्प्युटरवर सगळा क्रम दाखवला. टेप कशी पुसली, कशी चालवली, कशी भरून घेतली. कुठेही फुगवाफुगवी नव्हती. टेपेला जुनेपणाची खरखर होती. ती काढायला त्यांनी एक सॉफ्टवेअर वापरलं होतं, आणि त्या सॉफ्टवेअरने खरखरीबरोबर वरचा सगळा बारीक आवाज कापून टाकला होता. चित्रातली ती सरळ रेघ चोरीची नव्हती, साफसफाईची होती.

"काका, सहा महिने सुट्टीच्या दिवशी बसून मी बाबांच्या टेपा साफ केल्या," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही मला बनावट लिहिता."

भाऊंनी चष्मा पुसून ते चित्र पुन्हा पाहिलं. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पिशवीतून स्वतःची प्रत काढली, 'माल बनावट' यावर एकच आडवी रेघ मारली, आमच्याकडे खाडाखोड चालत नाही म्हणून, आणि शेजारी लिहिलं, तपासनीसाची चूक. खाली सही केली आणि कागद दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला.

बाईंनी तो घेतला. मग चहा आला. मग भाऊंनी विचारलं की ताई, साफ करायच्या आधीची फाईल ठेवलीय का. त्या म्हणाल्या, आहे, पण नुसती खरखर आहे हो त्यात, लोकांना नको असते.

"मला न धुतलेलाच माल पाहिजे," भाऊ म्हणाले, आणि बांगड्यांची गोष्ट सांगितली. सांगताना दोन-दोन आणि दोन-चारही लपवलं नाही. बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी आठही गाणी पेन ड्राइव्हवर भरून दिली. पैसे घेईनात, भाऊ ऐकेनात, शेवटी घ्यावे लागले.

परतताना आम्ही रिक्षा केली. डांगे चौक आला तेव्हा भाऊ म्हणाले, एकतीस वर्षांत पहिल्यांदा कारण चुकीचं लिहिलं. माल परत करायला हरकत नव्हती, पण कारण चुकलं, ते जास्त वाईट. मी म्हटलं, दुसऱ्यांदा, भाऊ. पहिली चूक बांगड्यांची. ते हसले नाहीत, पण खिशातल्या टॅगांवरून हात फिरवला.

घरी पोचल्यावर कुणीही आधी चौथं गाणं लावलं असतं. भाऊंनी आधी आठही फाईलींची घडी घातली. मग उलगडल्या. मग एकेक ताडून पाहिली. मी म्हटलं, भाऊ, माझा जीव जातोय. ते म्हणाले, जाऊ दे, फाईल जायला नको. आठ वेळा पडद्यावर शून्य आलं, आणि तेव्हा कुठे त्यांनी मला खुर्ची दाखवली. वहिनी मेथीची जुडी घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या, निवडत मात्र नव्हत्या.

गाणं लागलं. खरखर होती, भरपूर होती. पण मागच्या सहाजणी आता वेगवेगळ्या ऐकू येत होत्या, जणू आधी कुणीतरी त्यांना दाराबाहेर उभं केलं होतं. शेवटची ओळ झाली. आवाज थांबले. आणि खरखरीत काहीतरी झालं.

"वाजल्यासारखं वाटतंय," मी म्हणाले.

भाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांनी पुन्हा लावलं, मग तिसऱ्यांदा लावलं. आमच्याकडे एका मापाची तीन रीडिंग घेतात.

"वाजल्या," मी म्हणाले. "तीन वेळा. दुसरी मोठी."

"तवाच रुमाल सुटला," वहिनी उंबऱ्यातून म्हणाल्या. त्यांनी ते स्पीकरवरून, तिथूनच ऐकलं होतं.

भाऊ पडद्याकडे वळले. चित्राच्या वरच्या भागात, जिथे आधी कोरं होतं, तिथे तीन बारीक उभ्या रेघा होत्या. मधली उंच. त्यांनी प्रत्येक रेघेवर बोट ठेवलं, आणि मग स्वतः खुर्चीत येऊन बसले. मी गाणं लावलं. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवट झाला तरी ते तसेच बसून राहिले, पुढे काहीतरी येणार असल्यासारखे. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि मी होय म्हणून मान हलवली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. वहिनी उठून आत गेल्या, आणि आतून भांड्यांचा नेहमीपेक्षा जास्त आवाज यायला लागला.

भाऊंनी खिशातून हिरवा टॅग काढला. असल्या टॅगवर माल कुणी पुरवला याची एक ओळ असते. तिथे त्यांनी वहिनींचं नाव लिहिलं, लग्नाआधीचं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. खाली शेऱ्याची जागा होती. तिथे त्यांनी पेन झटकलं, आणि त्यांच्या त्या चौकोनी अक्षरात लिहिलं:

तपासनीसाला ऐकू येत नाही. माल बरोबर आहे.